रुग्णाच्या टोकाला कोण?

चंदीगडला पीजीआयच्या नव्या ओपीडीसमोर सकाळी लवकर उभं राहिलं की आपल्याकडच्या माणसाला परळ आठवतं. केईएमच्या दारात कोकणातून, खानदेशातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं दिसतात, तशीच इथे चंबा, किन्नौर, डोडा, सिरसा, भटिंडा इथून आलेली. हातात फायलींची प्लास्टिकची पिशवी, आणि सोबत मजुरी बुडवून आलेला एखादा भाऊ किंवा मुलगा. पीजीआय ही वैद्यकीय शिक्षण आणि संशोधनाची संस्था १९६२ साली सुरू झाली आणि १९६७ पासून राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून केंद्राच्या अखत्यारीत आली. पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीर, उत्तराखंड, शिवाय उत्तर प्रदेशाचा पश्चिम भाग, एवढ्या मुलखाचं हे शेवटचं रुग्णालय. शेवटचं अशासाठी, की इथून पुढे पाठवायला जागा उरत नाही. ओपीडीत रोज दहा हजारांच्या आसपास रुग्ण येतात.

फाटकाबाहेर लंगर लागतो. जगदीशलाल आहुजा नावाचे, फाळणीत पेशावरहून आलेले आणि केळी विकून वर आलेले गृहस्थ वर्षानुवर्षं तिथे रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना जेवू घालत होते. २०२० च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या माणसाचा मोठेपणा आहेच, पण रुग्णालयाबाहेर एवढा मोठा लंगर लागावा लागतो याचाही काही अर्थ आहे. उपचाराचा खर्च म्हटला की आपण औषधं, तपासण्या आणि खाटेचं भाडं मोजतो. बसचं तिकीट, सरायतली रात्र, बुडालेले रोज आणि घरी शेजारणीकडे ठेवलेली गुरं त्या बिलात कुठेच येत नाहीत.

पुढे दोनच महिन्यांत ओपीडीसमोरची ती रांग नाहीशी झाली. मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात आधी पंजाब, चंदीगड आणि हिमाचलात संचारबंदी लागली, मग देशभर टाळेबंदी. चंदीगडची रचनाच चमत्कारिक आहे. दोन राज्यांची राजधानी असलेलं हे शहर स्वतः केंद्रशासित, त्याला चिकटून मोहाली पंजाबात आणि पंचकुला हरियाणात. एरवी रस्ता ओलांडला की सरकार बदललं हे कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या दिवसांत रस्ता ओलांडायलाच पास लागू लागला. पीजीआयची नेहमीची ओपीडी बंद झाली आणि नेहरू रुग्णालयाची विस्तारित इमारत कोविडसाठी राखली गेली. मे महिन्यात फोनवरून सल्ला सुरू झाला. सकाळी ठरलेल्या वेळात दिलेल्या क्रमांकावर नाव नोंदवायचं, मग त्या त्या विभागाच्या डॉक्टरांचा फोन येणार. वर्षाच्या शेवटाकडे प्रत्यक्ष ओपीडी हळूहळू उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली.

या सगळ्यात हृदयरोग्याची गोष्ट वेगळी काढून पाहावी असं मला वाटतं, कारण त्याच्या आजाराचे काळ दोन असतात. एक मिनिटांचा. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की स्नायू मरायला लागतो. पहिल्या दोनतीन तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं किंवा अँजिओप्लास्टी झाली तर बरंच वाचतं, बारा तासांनंतर फारसं नाही. दुसरा काळ वर्षांचा. थकलेलं हृदय, बदललेली झडप, बसवलेला पेसमेकर, रोजच्या पाचसात गोळ्या, तीन महिन्यांनी तपासणी. पहिल्याला घाईने आत यायचं असतं, दुसऱ्याला साथीच्या काळात शक्य तितकं बाहेर राहायचं असतं, कारण कोविडने ज्यांना जास्त मारलं त्यांत हृदयरोगी वरच्या ओळीत होते. एकाच फोनवर दोघांचं काम कसं भागावं? फोन आहे की नाही, इंटरनेट चालतं की नाही, व्हिडिओ दिसतो की नाही, याचीच चर्चा आपण फार केली. माझ्या मते प्रश्न दुसरा आहे. फोनच्या एका टोकाला डॉक्टर बसलेला असतो हे गृहीतच असतं. रुग्णाच्या टोकाला रुग्णाखेरीज आणखी कोण आहे?

हा प्रश्न नवा नाही. दूर बसून हृदय तपासण्याची पहिली खटपट १९०५ सालची आहे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइन्टहोव्हेन यांनी हृदयाचा विद्युतआलेख काढणारं यंत्र बनवलं होतं. ते इतकं अवजड होतं की रुग्णालयात नेणं अशक्य, आणि आजारी माणसाला प्रयोगशाळेत उचलून आणणं त्याहून कठीण. मग त्यांनी टेलिफोनच्या तारेचा आधार घेतला. रुग्ण रुग्णालयात, यंत्र जवळपास दीड किलोमीटरवर प्रयोगशाळेत, आणि मध्ये तार. पुढे १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे ईसीजी जन्मल्या जन्मल्या दूरवैद्यकाच्या कामाला लागला होता. आज आपण ज्याला क्रांती म्हणतो तिचं वय शंभराच्या वर आहे. मात्र लायडनमध्येही रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून, तारा जोडून, त्याला स्थिर बसवायला त्या टोकाला माणसं लागत होती. तारेचं कौतुक इतिहासात राहिलं, त्या माणसांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

चंदीगडकडे परत येऊ. साथीत देशभर पोहोचलेली ई-संजीवनी ही सरकारी सेवा पीजीआयपासून काही मैलांवर, मोहालीच्या सी-डॅकने तयार केली. सी-डॅक मूळची आपल्या पुण्याची. १९८८ साली विजय भटकरांच्या पुढाकाराने सुरू झालेली आणि ‘परम’ महासंगणकामुळे मराठी घरांत नाव झालेली संस्था. तिच्या मोहाली केंद्राचा आणि पीजीआयचा दूरवैद्यकातला संबंध मोबाइलच्या आधीचा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या एका सरकारी प्रकल्पात दिल्लीचं एम्स, लखनौचं एसजीपीजीआय आणि चंदीगडचं पीजीआय एकमेकांना जोडले गेले होते. तेव्हा मोठ्या रुग्णालयातला डॉक्टर मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरशी बोलत होता. गावातला माणूस त्या चित्रात नव्हता.

ई-संजीवनीचा पहिला अवतार नोव्हेंबर २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात सुरू झाला, म्हणजे साथीच्याही आधी. त्यात रुग्ण आरोग्य केंद्रात येतो, तिथला समुदाय आरोग्य अधिकारी त्याचा रक्तदाब, नाडी, साखर पाहतो आणि मग वरच्या डॉक्टरशी बोलतो. दुसरा अवतार, ज्यात रुग्ण घरबसल्या थेट डॉक्टरशी बोलतो, तो १३ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत घाईघाईने उघडला. बातम्या दुसऱ्याच्या झाल्या. साथ ओसरल्यावर मात्र संख्या पहिल्याची वाढली. आज सेवेचा एकूण आकडा तीस कोटींच्या पुढे गेला आहे आणि त्यात मोठा वाटा केंद्रात बसून, मदतनिसाच्या साहाय्याने झालेल्या सल्ल्यांचा आहे. लोकांनी न सांगता कौल दिला आहे: नुसता फोन नको, बाजूला कुणीतरी हवं.

आता कायद्याचं. फोनवरून उपचार करण्यातल्या कायद्याच्या जोखमीचा अनुभव महाराष्ट्राला साथीच्या दोन वर्षं आधी आला होता. रत्नागिरीतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ दाम्पत्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये अटकपूर्व जामीन नाकारला. बाळंतिणीला पुन्हा दाखल करून घेतलं तेव्हा डॉक्टर रुग्णालयात नव्हते, उपचार फोनवरून चालले होते आणि ती दगावली. प्रकरण गंभीर होतं. पण त्यातून राज्यातल्या डॉक्टरांनी घेतलेला धडा असा, की फोनवर औषध सांगणं म्हणजे विस्तवाशी खेळ. ज्यांची पेशंटशी वीस वर्षांची ओळख होती तेही फोनवर ‘येऊन दाखवा’ एवढंच म्हणू लागले. मग २५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी काम करणाऱ्या नियामक मंडळाने नीती आयोगासोबत तयार केलेली दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. कोणती औषधं कशाही प्रकारे सांगता येतील, कोणती फक्त व्हिडिओवर पाहिल्यावर, कोणती जुन्या रुग्णालाच पुढे चालू ठेवता येतील आणि कोणती मुळीच नाहीत, अशी स्पष्ट विभागणी झाली. तातडीच्या अवस्थेत प्राथमिक उपाय सांगून रुग्णाला जवळच्या रुग्णालयात पाठवणं हेच डॉक्टरचं काम, हेही लिहिलं गेलं. वर्षानुवर्षं रखडलेली गोष्ट एका साथीने मार्गी लावली. आपल्याकडे सुधारणेला बहुधा संकटाचं निमित्तच लागतं.

पण तत्त्वं लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे डॉक्टर होता. फोन कुणी करायचा, रुग्णाच्या वतीने कोण बोलेल, संमती कशी समजायची, हे त्यात आहे. रुग्णाच्या पायावर बोट दाबून सूज पाहणारं तिथे कुणी आहे का, हे विचारणं त्यांच्या कक्षेबाहेरचं होतं.

त्या सुजेची आणि चंदीगडची एक जुनी गाठ आहे, ती सांगायला हवी. हृदय थकलं की शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पाय सुजतात, पोट फुगतं, आडवं झालं की दम लागतो. हे का होतं, मूत्रपिंड काय करतं, कोणती संप्रेरकं वाढतात, हे नीट मोजायचं तर ज्याला अजून एकही औषध दिलेलं नाही असा रुग्ण हवा. श्रीमंत देशांत असा रुग्ण मिळत नाही. पाय सुजला की पहिला डॉक्टरच लघवीची गोळी देतो. १९८९ साली ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकी नियतकालिकात या विषयावर एक शोधनिबंध आला, जो आजही हृदयनिकामीपणाच्या शास्त्रात मानाने सांगितला जातो. त्यातले आठही रुग्ण पीजीआयमध्ये आले होते. इंदर आनंद, पी. एल. वाही आणि लंडनच्या संशोधकांचं ते काम. आठ माणसं इतकी सुजेपर्यंत कोणत्याही औषधाविना राहिली, आणि तशीच चंदीगडला पोहोचली, म्हणून जगाला ते ज्ञान मिळालं. संशोधन उत्तमच होतं. त्याच्यामागचं अंतर मात्र अंगावर येतं.

त्या संशोधनाचा व्यवहारातला अर्थ अगदी साधा निघतो: पाणी साठतं ते आधी वजनात दिसतं, दम नंतर लागतो. दोनतीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर ते खाण्याचं नव्हे, पाण्याचं. म्हणजे थकलेल्या हृदयाचा रुग्ण फोनवर सांभाळता येतो. त्याला चारच प्रश्न विचारायचे: आज वजन किती, झोपायला उशा किती लागतात, मोजे किंवा चपलेचा पट्टा घट्ट होतो का, काल गोळी घेतली का. हृदयाच्या कोणत्याच दुसऱ्या आजाराला फोन इतका मानवत नाही.

आणि तरीही मोठ्या चाचण्यांनी वेगवेगळी उत्तरं दिली. अमेरिकेत २०१० साली १,६५३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोज एक यांत्रिक आवाज फोनवर प्रश्न विचारायचा, रुग्णाने आकडे दाबायचे. ना मृत्यू घटले, ना पुन्हा दाखल होणं. त्याआधी २००५ साली अर्जेंटिनात दीड हजारांवर रुग्णांना प्रशिक्षित परिचारिकांनी स्वतः फोन केले. हृदयनिकामीपणामुळे दाखल होण्याचं प्रमाण घटलं. जर्मनीत बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने २०१८ साली साडेपंधराशे रुग्णांवरचा निकाल प्रसिद्ध केला. वजन, रक्तदाब, ईसीजी रोज केंद्रात यायचे आणि तिथे रात्रंदिवस डॉक्टर आणि परिचारिका हजर असायच्या. वर्षाला शंभर रुग्णांमागे मृत्यू अकराच्या वरून आठच्या खाली आले. या तिन्ही ठिकाणी तार होती. ज्या तारेच्या टोकाला रुग्णाला ओळखणारं, त्याच्या कालच्या वजनाची आठवण असणारं माणूस होतं, तिथे ती उपयोगी पडली. आपल्याकडे १४ रुग्णालयांतल्या आठशेवर रुग्णांवर झालेला २०१६ चा अभ्यासही याच दिशेचा. हृदयविकाराच्या झटक्यानंतर घरी गेलेल्या माणसाकडे साधे आरोग्यसेवक नियमित जात राहिले, तर तो गोळ्या जास्त नेमाने घेतो.

साथीत या ओळखीच्या आवाजाची किंमत एका वेगळ्या कारणाने कळली. मार्च २०२० मध्ये एक शंका पसरली की रक्तदाबाच्या आणि थकलेल्या हृदयाच्या काही नेहमीच्या गोळ्यांनी, म्हणजे रामिप्रिल, टेल्मिसार्टन या घराघरांतल्या गोळ्यांनी, कोरोनाला शरीरात शिरायला वाट मिळते. प्रयोगशाळेतल्या एका तर्काची व्हॉट्सॲपवर बातमी झाली. जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी लगेच सांगितलं, गोळ्या बंद करू नका. पण संघटनेचं निवेदन किन्नौरच्या सफरचंदाच्या बागेत कोण वाचणार? तिथे फोन वाजायला हवा होता आणि त्यावर ओळखीच्या कुणीतरी ‘गोळी चालू ठेव’ म्हणायला हवं होतं. व्हिडिओचं मला स्वतःला फार कौतुक नाही. त्या वर्षी साध्या आवाजाच्या फोनने हृदयरोग्यांसाठी केलेलं सर्वांत मोठं काम कदाचित हेच, एक गोळी बंद होऊ न देणं.

झडप बदललेल्यांचं मात्र नुसत्या आवाजावर भागत नाही. धातूची किंवा कार्बनची झडप बसवली की त्यावर रक्त गोठू नये म्हणून आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते. डोस कमी पडला तर झडप अडकते, जास्त झाला तर मेंदूत रक्तस्राव. मधली वाट अरुंद, आणि ती आयएनआर नावाच्या रक्ततपासणीनेच कळते. टाळेबंदीत ती तपासणी करायला जायचं कुठे? तालुक्याची प्रयोगशाळा बंद, पीजीआयची ओपीडी बंद. शिवाय आहाराचा गुंता. हिरव्या पालेभाजीतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं. पंजाबात हिवाळा आला की घरोघर सरसोंचा साग शिजतो, आणि महिनाभर नेमाने साग खाणाऱ्या माणसाची गोळी अपुरी पडू लागते. आपल्याकडे पावसाळ्यात अळू, मेथी, पालक यांचं तेच. म्हणून चंदीगडच्या डॉक्टरने डिसेंबरात फोनवर गोळीचा डोस विचारण्याआधी जेवणात काय चाललंय ते विचारलं पाहिजे. हे विचारायला वीज लागत नाही. पण उत्तराची खात्री करायला रक्ताचा थेंब लागतो, आणि तो काढायला सुई धरणारा हात.

हातावरून रायपूर रानीची गोष्ट आठवते. चंदीगडपासून जवळच, हरियाणातला हा ग्रामीण गट. तेव्हा अंबाला जिल्ह्यात होता, आता पंचकुल्यात. आपल्या देशात तरुण वयात झडपा खराब होण्याचं मोठं कारण म्हणजे लहानपणचा संधिवाताचा ताप. घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात, बरं वाटतं, आणि काही वर्षांनी मुलगी जिना चढताना धापा टाकू लागते. एकदा हा ताप येऊन गेला की पुढचे हल्ले रोखायला तीनचार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पीजीआयच्या डॉक्टरांनी रायपूर रानीत शाळेतले शिक्षक, विद्यार्थी आणि आरोग्यसेवक यांना लक्षणं शिकवली, सापडलेल्या मुलांची नोंदवही केली आणि इंजेक्शनं गावाजवळच मिळतील अशी सोय लावली. पुढे रोपड जिल्ह्यातही असं काम झालं. मोबाइल नव्हता, संगणक नव्हता. होती ती एक वही, आणि अमक्या तारखेला अमकीचं इंजेक्शन आहे हे लक्षात ठेवणारी बाई. हृदयरोग्याला दुरून सांभाळण्याचा चंदीगडचा खरा पूर्वज मला हा वाटतो. तारेने जोडलेली तीन मोठी रुग्णालयं नंतरची. साथीत आपण मोबाइल वाटायचा विचार केला. वही कुणाकडे आहे, हे विचारायचं राहिलं.

आता मिनिटांच्या काळाकडे. २०२० च्या मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत देशातल्या १८७ रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेल्यांची मोजणी कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने केली. आदल्या वर्षीच्या तुलनेत आकडा तब्बल पस्तीस टक्क्यांनी घटला होता. इटलीत, अमेरिकेतही असंच घडलं. हवा स्वच्छ झाली, धावपळ थांबली, त्यामुळे झटके कमी आले, असं काहींनी तेव्हा म्हटलं. थोडंफार असेलही. पण आलेले झटके उशिरा आले, हे अनेक ठिकाणी दिसलं. माणसं घरी बसून राहिली. छातीत कळ आली तरी पित्त असेल, गॅस असेल, सोडा घेऊन पाहू, असं म्हणत. रुग्णालयात गेलो तर कोरोना होईल, वेगळं ठेवतील, घरचं कुणी भेटणार नाही, ही भीती कळेपेक्षा मोठी होती. या माणसाचा फोन कुठल्याच ओपीडीच्या क्रमांकावर गेला नाही. सकाळी ठरलेल्या वेळात नोंदणी करायला त्याच्याकडे सकाळ नव्हती.

इथे सल्ला देणारा फोन जवळजवळ निरुपयोगी. छातीतली कळ पोटाची की हृदयाची, हे मोठ्यात मोठ्या तज्ज्ञालाही नुसत्या आवाजावरून ठरवता येत नाही, आणि ‘बहुधा गॅसच असेल’ असं कुणी फोनवर म्हटलं तर तो दिलासा जीव घेऊ शकतो. लागतो तो ईसीजीचा कागद, दहा मिनिटांच्या आत. कागद मिळाला की मात्र तार कमाल करते. मंगळुरूच्या डॉ. पद्मनाभ कामत यांनी २०१८ पासून आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ईसीजी यंत्रं पोहोचवली आणि डॉक्टरांचे व्हॉट्सॲप गट केले. गावातला डॉक्टर ईसीजीचा फोटो टाकतो, काही मिनिटांत उत्तर येतं: इंजेक्शन दे, किंवा गाडीत घाल. यात कुठलंही नवं तंत्रज्ञान नाही, सगळ्यांच्या खिशातलाच फोन. नवं आहे ते एवढंच, की छातीवर सहा आणि हातापायांवर चार इलेक्ट्रोड योग्य जागी लावणारं माणूस गावात आहे, आणि पलीकडे रात्री दोन वाजता फोटो पाहणारं माणूस जागं आहे.

महाराष्ट्रात उपकेंद्रांवर जे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले, त्यांत बीएएमएस झालेले तरुण-तरुणी पुष्कळ. त्यांच्या नेमणुकीवर शहरात नाकं मुरडली गेली होती, पदवीवरून वाद झाले. मला तो वाद थोडा भलत्या जागी वाटतो. हृदयाच्या बाबतीत त्यांनी निदान करावं अशी अपेक्षाच नाही. रक्तदाब नीट मोजावा, सुजलेला पाय ओळखावा, ईसीजी स्वच्छ काढावा, शंका आली की वर विचारावं आणि १०८ ला बोलवावं. एवढं वेळेवर झालं, तर वरच्या तज्ज्ञाचं निम्मं काम झालं.

घरातल्या फोनचंही एक सांगायला हवं, कारण ते सल्ल्याच्या आड येतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचं प्रमाण देशात ५४ टक्के निघालं. उरलेल्यांचा सल्ला नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर होतो. डॉक्टर विचारतो, रात्री दम लागतो का? मुलगा सांगतो, नाही, आई बरी आहे. आईने त्याला कधी सांगितलेलंच नसतं. संधिवाताच्या तापाने झडप गेलेल्या रुग्णांत तरुण स्त्रिया खूप असतात. पाळी किती जाते, दिवस गेलेत का, हे रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या दृष्टीने कळीचे प्रश्न आहेत, आणि सासऱ्याच्या मोबाइलवर, अंगणात, स्पीकर चालू ठेवून त्यांची उत्तरं मिळत नाहीत. आरोग्य केंद्रातल्या खोलीत, दार लोटून, नर्सच्या शेजारी बसून ती मिळतात. घरबसल्या सल्ल्याचं जे सुख सांगितलं जातं ते घरात ज्याची सत्ता आहे त्याचं सुख असतं, हे बोलायला आपल्याला जड जातं.

साथ गेली आणि पीजीआयसमोरची रांग परतली. ती परतणारच होती. नव्या रुग्णाला छातीवर स्टेथोस्कोप, इकोची तपासणी आणि डॉक्टरची नजर हवीच. पण या रांगेत असेही पुष्कळ असतात ज्यांना फक्त ‘हेच चालू ठेवा’ असं लिहून हवं असतं. त्यासाठी ते बस धरून दोनशे किलोमीटर येतात. साथीत त्यांचं फोनवर भागलं होतं. मग ते परत का आले? एक तर सरकारी योजनेतून फुकट औषध मिळायला ताजी चिठ्ठी आणि शिक्का लागतो, तो फोनवर उमटत नाही. दुसरं, रुग्णाच्या बाजूला वजन-रक्तदाब लिहून ठेवणारं कुणी नसेल तर डॉक्टरलाही ‘हेच चालू ठेवा’ म्हणायचं धाडस होत नाही, आणि ते बरोबरच आहे. तिसरं असं, की एवढ्या लांबून येण्यातच उपचाराचा अर्धा भाग आहे असं कित्येकांना वाटतं. त्याला अंधश्रद्धा म्हणता येणार नाही. आयुष्यात मोठ्या डॉक्टरने दोन मिनिटं समोर बसवून ऐकलं, याची किंमत रांगेत उभ्या राहणाऱ्यालाच ठाऊक.

पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही. तिची तयारी म्हणून अंदाजपत्रकांत नवी ॲप, नवे डॅशबोर्ड, कृत्रिम बुद्धिमत्तेने ईसीजी वाचणारी यंत्रं येतील. त्यांतली काही चांगलीही असतील, ईसीजी वाचण्यात यंत्र आताच बरं काम करतं. मी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला निराळं विचारेन. उपकेंद्रात वजनकाटा चालू आहे का? रक्तदाबाच्या पट्ट्याची रबरी नळी फाटली आहे का? ईसीजीचं यंत्र असेल तर त्याच्या कागदाचा रोल शेवटचा कधी आला? पेनिसिलिन घेणाऱ्या मुलांची वही आहे का, आणि ती बाई बदलीवर गेली तर वही कुणाकडे देऊन गेली? दुपारी चारनंतर तिथे कोण असतं?